स्टॅकॅटोचं टिंब, रेघ की पाचर? पियानोवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याला पियानो शिकवते, शनिवार-रविवार वाशीला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पालक आणि मोठी मुलं पानांचे फोटो टाकून तेच तेच विचारत असतात, त्यात स्टॅकॅटोचे (म्हणजे नोट तोडून, सुटी वाजवायच्या खुणेचे) प्रश्न सगळ्यात जास्त, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. माझं टुमणं एकच आहे, ते पुढे परत परत येईल तेव्हा कंटाळू नका: टिंब दिसलं की आधी विचारा हे टाकलं कोणी, कंपोझरने, छापणाऱ्याने की नंतरच्या एडिटरने. किती छोटं वाजवायचं हे त्यानंतर.

मॅडम, स्टॅकॅटो म्हणजे नोट अर्धी वाजवायची, एवढंच ना?

थिअरीच्या पेपरात तसं लिहिलंत तर मार्क मिळतील, पियानोवर बसल्यावर मात्र ते पुरत नाही. आता बघा, मेट्रोनोम १२० वर ठेवला तर क्रॉचेट (एका बीटची नोट) अर्ध्या सेकंदाची, सेमीक्वेव्हर (तिचा पाव भाग) एक अष्टमांश सेकंदाची, आणि तिची अर्धी म्हणजे सेकंदाचा सोळावा भाग, तो कोण मोजून वाजवणारे? तिथे बोट उचलून पुढच्या नोटवर जायचं एवढंच हातात असतं. उलट संथ पीसमध्ये मिनिमवर (दोन बीटच्या नोटवर) टिंब असेल तर अर्धी म्हणजे चांगली लांब नोट झाली, ती "टक्" करून सोडली की विचित्र वाटतं.

आणि हा अर्ध्याचा हिशोब सुद्धा कायम एकच नव्हता. सी. पी. ई. बाखने, म्हणजे थोरल्या बाखच्या मुलाने, कीबोर्ड वाजवण्यावरच्या १७५३ च्या पुस्तकात लिहिलंय की स्टॅकॅटोची नोट अर्ध्यापेक्षा थोडी कमीच धरायची. पण त्याच पुस्तकात तो असंही सांगतो की ज्या नोटवर काहीच खूण नाही, ना स्लर (नोटा जोडायची कमान) ना टिंब ना टेन्युटो (नोट पूर्ण धरायची खूण), ती साधारण अर्धी धरायची! म्हणजे त्याच्या काळात "साधी" नोटच आपल्यापेक्षा सुटी होती. आपण आज खूण नसली की लेगाटो (सलग, जोडून) धरून चालतो, कारण १८०० च्या आसपास ही सवय बदलत गेली, क्लेमेंटीने तर १८०१ च्या पुस्तकात खूण नसेल तर शक्यतो लेगाटो वाजवा असंच सांगितलंय. त्यामुळे जुन्या म्युझिकमध्ये टिंबं कमी दिसली तरी घाबरू नका, सुटं वाजवणं तिथे न लिहिता गृहीत असायचं.

टिंब, उभी रेघ आणि पाचरीसारखी खूण, या तिन्हीत फरक काय?

छापील पुस्तकात आज जी पाचर किंवा थेंबासारखी खूण दिसते ती बऱ्याचदा हस्तलिखितातली उभी रेघ असते, छापताना तिला तो आकार आला. म्हणजे खऱ्या दोनच गोष्टी, टिंब आणि रेघ. आता त्यांचा अर्थ वेगळा की एकच, हे वर्षावर आणि माणसावर अवलंबून.

१८०० च्या आधी बहुतेक लोक दोन्ही सारखंच समजायचे. सी. पी. ई. बाखने स्वतःच्या नमुन्याच्या पीसेसमध्ये टिंबं वापरली, आणि कारण काय दिलं तर रेघ टाकली तर ती फिंगरिंगच्या १ आकड्यासारखी दिसेल! इतकं साधं. आपण मात्र त्यातून टचचा सिद्धांत काढत बसतो. ट्युर्क नावाचा कीबोर्डचा शिक्षक १७८९ मध्ये म्हणतो की दोन्हीचा अर्थ एकच, पण काही जणांना रेघेने जास्त छोटी नोट दाखवायची असते. म्हणजे तेव्हाच मतभेद सुरू झाले होते.

मग १८०१ मध्ये क्लेमेंटी तीन पायऱ्या सांगतो, रेघ म्हणजे सगळ्यात सुटी, टिंब म्हणजे त्यापेक्षा कमी सुटी, आणि स्लरखाली टिंबं म्हणजे आणखी कमी. पॅरिसच्या कॉन्झर्वेटवारसाठी लुई आदामने जी मेथड लिहिली तिच्यात तर सरळ अपूर्णांकच आहेत, पाचर असेल तर नोटचा पाव भाग, टिंब असेल तर अर्धा, स्लरखाली टिंब असेल तर पाऊण. आज परीक्षेत विचारतात तो तक्ता थोड्याफार फरकाने हाच. तो चुकीचा नाही, फक्त तो मागे नेऊन हायडन-मोझार्टवर चिकटवू नका.

माझ्याकडे मोझार्टच्या सोनाटांच्या दोन एडिशन्स आहेत, एकीत टिंबं आणि रेघा दोन्ही, दुसरीत फक्त टिंबं. बरोबर कुठली?

या प्रश्नावर जर्मनीत अक्षरशः स्पर्धा झाली होती. १९५४ मध्ये तिथल्या संगीत-संशोधकांच्या संस्थेने बक्षीस लावून निबंध मागवले, विषय काय तर मोझार्टच्या पाचर, रेघ आणि टिंब या खुणांचा अर्थ. १९५७ मध्ये ते निबंध पुस्तक होऊन छापून आले. त्यानंतर बेरेनराइटर या प्रकाशकाच्या नव्या मोझार्ट आवृत्तीने टिंब आणि रेघ वेगवेगळी छापायचं धोरण ठेवलं, म्हणून तुमच्या पहिल्या पुस्तकात दोन्ही दिसतात. विरोधी पक्ष म्हणतो की मोझार्टच्या डोक्यात खूण एकच होती, हात जसा पडला तशी ती लांब किंवा आखूड झाली.

हस्तलिखिताचा स्कॅन मोठा करून बघितलात तर हा वाद का मिटत नाही ते कळतं. पिसाची लेखणी कागदावर टेकवून उचलली की टिंब, टेकवताना हात जरा सरकला की रेघ. घाईत लिहिणाऱ्याचा हात सरकणारच. त्यामुळे एका टोकाला स्पष्ट टिंब, दुसऱ्या टोकाला स्पष्ट रेघ, आणि मध्ये भरपूर अशा खुणा की ज्यांना तुम्ही टिंब म्हणाल आणि मी रेघ म्हणेन. एडिटरला मात्र छापताना एक काहीतरी ठरवावंच लागतं, आणि एकदा छापलं की ते शंभर टक्के खात्रीचं वाटायला लागतं.

माझं मत विचाराल तर सलग सुरांच्या ओळीवर टिंबं असतील आणि एकट्यादुकट्या, ठासून येणाऱ्या नोटवर रेघ असेल तर तो फरक मी वाजवून दाखवते, कारण तिथे म्युझिकच तसं आहे. पण एकाच ओळीत तीन टिंबं मग एक रेघ मग दोन टिंबं असा प्रकार दिसला तर मी मुलांना दोन वेगळे टच अजिबात शिकवत नाही.

बीथोवनचं काय? तो तर फार काटेकोर होता म्हणतात.

होता, आणि चिडायचा पण. १८२५ मध्ये त्याने कार्ल होल्झला पत्र लिहिलं, ए मायनर क्वार्टेटच्या, म्हणजे ओपस १३२ च्या नकला चालू होत्या तेव्हा, आणि त्यात बजावलंय की जिथे टिंब आहे तिथे रेघ टाकायची नाही आणि रेघ आहे तिथे टिंब नाही. हे पत्र दाखवून लोक म्हणतात बघा, त्याला दोन वेगळे स्टॅकॅटो हवे होते.

पण हस्तलिखितं बघितली की चित्र जरा वेगळं दिसतं. साध्या स्टॅकॅटोसाठी तो बहुतेक ठिकाणी रेघच लिहितो, आणि टिंबं मुख्यतः स्लरखाली, म्हणजे पोर्टाटोसाठी (जोडलेलं पण किंचित सुटं, ते पुढे येईल). त्यामुळे त्याची चिडचिड "छोटं आणि फार छोटं" यावरून असण्यापेक्षा "सुटं आणि जोडून-दाबून" यावरून असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नकलाकाराने स्लरखाली रेघा टाकल्या की अर्थच उलटा होतो ना.

याचा तुमच्या पुस्तकाशी संबंध असा की एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी एडिशन्सनी हे सगळं एकाच खुणेत बसवून टाकलं. प्रिंटमध्ये टिंब आहे म्हणून बीथोवनला हलकं टिंब हवं होतं आणि पाचर आहे म्हणून त्याला ठोकून हवं होतं, यातलं काहीच सिद्ध होत नाही. फक्त "इथे नोट सुटी" एवढं नक्की. बाकी डायनॅमिक, टेम्पो, आजूबाजूची हार्मनी बघून ठरवा.

स्लर पण आहे आणि टिंबं पण आहेत, मग जोडायचं की तोडायचं?

हा पोर्टाटो. ग्रुपवर याचा फोटो आला नाही असा आठवडा जात नाही. प्रत्येक नोटला हलकं वजन द्यायचं, पुढच्या नोटच्या आधी किंचित मोकळीक, पण आवाज कोरडा होऊ द्यायचा नाही. मुलं काय करतात, टिंब दिसलं की उडी मारतात आणि स्लर दिसतच नाही त्यांना. आदामचा पाऊण भाग इथे चांगला उपयोगी पडतो, सुरुवात तिथून करा आणि मग कानाने जुळवा.

एक गंमत, क्लाविकॉर्डच्या (पियानोच्या आधीचं कीबोर्डचं वाद्य) जुन्या म्युझिकमध्ये एकाच लांब नोटवर स्लर आणि त्याखाली तीन-चार टिंबं दिसली तर ते पोर्टाटो पण नाही. की दाबून धरून बोटाने हलवत सूर थरथरवायचा असतो. पियानोवर ते जमत नाही, सोडून द्या.

मुलीच्या पुस्तकात "मिन्युएट इन जी" मध्ये टिंबं आहेत, यूट्यूबवर कोणीतरी जोडून वाजवतंय. परीक्षेत काय करायचं?

हा पीस अ‍ॅना मॅग्डालेना बाखच्या, म्हणजे थोरल्या बाखच्या बायकोच्या, १७२५ च्या वहीतला, आणि आता तो थोरल्या बाखचा नाही तर क्रिस्टियान पेत्झोल्डचा आहे असं मानतात. वहीत त्यावर स्टॅकॅटोची टिंबं नाहीत. तुमच्या पुस्तकातली टिंबं कोणा एडिटरने किंवा टीचरने मुलांना सोपं जावं म्हणून घातलेली आहेत. वाईट नाहीत हां ती, दुसऱ्या-तिसऱ्या बीटला सुटं वाजवलं की नाचाची चाल छान येते. पण ती सूचना आहे, हुकूम नाही.

थोरल्या बाखच्या बाबतीत तर हे सगळीकडे आहे. चेर्नीने १८३७ मध्ये त्याच्या वेल-टेम्पर्ड क्लावियरची एडिशन काढली आणि त्यात टेम्पो, फोर्टे-पियानो, स्लर, स्टॅकॅटो सगळं स्वतःच्या मनाने भरलं, मग पुढच्यांनी त्यावरून काढलं, त्यांच्यावरून आणखी पुढच्यांनी. लग्नपत्रिकेत "आपले नम्र"च्या खाली चुलत्यांची नावं वाढत जातात तशी ही टिंबं वाढत गेली.

परीक्षेचं म्हणाल तर एबीआरएसएमच्या (लंडनचं म्युझिक परीक्षा बोर्ड) सिलॅबसमध्येच लिहिलेलं असतं की फिंगरिंग, फ्रेझिंग, मेट्रोनोम वगैरे एडिटरच्या सूचना तंतोतंत पाळायची सक्ती नाही. तुमच्या वर्षाचा सिलॅबस काढून तेवढा परिच्छेद वाचा. काहीही ठरवा, पण तोच पॅटर्न परत आला की तसंच वाजवा, दर वेळी वेगळं झालं तर ते विचार करून केलंय असं वाटत नाही.

मोझार्टच्या के. ५४५ सोनाटाचं (के. म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला नंबर) ओरिजिनल हस्तलिखित कुठे बघायला मिळेल? एकदाचं टिंब आहे की नाही ते बघून टाकतो.

नाही मिळणार, ते हरवलंय. हा सोनाटा मोझार्ट गेल्यानंतर १८०५ मध्ये पहिल्यांदा छापला गेला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही एडिशनने "मोझार्टच्या हाताचं" म्हणून शपथ घेतली तरी ती छापील पानावरूनच बोलतेय. बीथोवनच्या पाथेटिक सोनाटाचं पण तेच, हस्तलिखित नाही, १७९९ ची पहिली छापील आवृत्ती हाच आधार. फ्युर एलीझे तर आणखी विचित्र, नोल नावाच्या माणसाने एका हस्तलिखितावरून ते १८६७ मध्ये छापलं आणि ते हस्तलिखित नंतर गायब, आता बीथोवनचा कच्चा आराखडा तेवढा शिल्लक आहे.

पण कधी कधी सापडतात पण! सी मायनर फॅन्टसी आणि सोनाटा, के. ४७५ आणि ४५७, यांचं हस्तलिखित १९९० मध्ये फिलाडेल्फियात एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजात सापडलं, आणि टर्किश मार्चवाल्या के. ३३१ ची चार पानं २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात निघाली. असं काही निघालं की एडिशन्स नव्याने तपासाव्या लागतात.

घरबसल्या बघायचं असेल तर बॉनच्या बीथोवन-हाउसच्या साइटवर मूनलाइट आणि वाल्डश्टाइन सोनाटांची हस्तलिखितं स्कॅन करून ठेवलीत, मूनलाइटचं पहिलं पान मात्र नाही, ते हरवलेलंच आहे. मोझार्टची नवी आवृत्ती पण नेटवर फुकट बघता येते. आणि आयएमएसएलपी (जुन्या म्युझिकची पानं फुकट देणारी साइट) सगळ्यांना माहितीच आहे, तिथे फक्त फाइलखाली पब्लिशर आणि वर्ष लिहिलेलं असतं ते वाचायची सवय लावा, पहिली दिसली ती डाउनलोड असं नको.

झेरॉक्समधलं टिंब खरं की घाण, कसं ओळखायचं?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. स्टेशनजवळच्या दुकानातून झेरॉक्सची झेरॉक्स काढून आणलेल्या पानावर काचेवरचा प्रत्येक कण स्टॅकॅटो होतो. प्रत्येक पानावर त्याच जागी ठिपका असेल तर तो काचेवरचा. नोटच्या डोक्याच्या बरोब्बर वर किंवा खाली नसेल, आकार वेडावाकडा असेल, किंवा रेस्टवर असेल तर सोडून द्या. नोटच्या उजव्या बाजूला टिंब असेल तर तो स्टॅकॅटो नाहीच, ती नोट दीडपट लांब करायची, म्हणजे बरोबर उलटं काम! जुन्या छपाईत ही दोन्ही टिंबं एकाच नोटवर आली की दाटी होते, तेव्हा बारमधले बीट मोजून बघा.

खऱ्या हस्तलिखितात पण हा घोळ असतो बरं का, शाई उडते, मागच्या पानाची शाई पुढे उमटते, जुन्या कागदावर डाग पडतात, म्हणून ब्लॅक-अँड-व्हाइट स्कॅनपेक्षा रंगीत स्कॅन बघायचा, त्यात शाईचा आणि डागाचा रंग वेगळा कळतो. आणि जुनी छपाई म्हणजे कथील-शिशाच्या पत्र्यावर उलटं म्युझिक कोरायचं, नोटची डोकी वगैरे ठशांवर हातोडी मारून उमटवायची, त्यात कारागिराचा एखादा ठोका राहिला की टिंब गेलं.

अर्टेक्स्ट (कंपोझरच्या मूळ लिखाणाला धरून काढलेली एडिशन) घेतलं म्हणजे प्रश्न मिटला ना?

कमी होतो, मिटत नाही. अर्टेक्स्टचा फायदा हा की एडिटरने स्वतःचं काय घातलं ते वेगळं दिसतं. हेन्ले या प्रकाशकाच्या पुस्तकांत कंस असतात, नव्या मोझार्ट आवृत्तीत एडिटरची टिंबं-रेघा बारीक ठशात आणि स्लर तुटक रेघेने. म्हणजे "हे कोणी टाकलं" याचं उत्तर पानावरच मिळतं, मागच्या टिपा वाचल्यात तर अजून चांगलं.

जो प्रश्न उरतो तो हा: कंपोझरने पहिल्या बारमध्ये टिंबं टाकली आणि तोच पॅटर्न पुढे चालू असताना बंद केली, मग पुढे पण सुटं वाजवायचं का? बहुतेक वेळा हो, लिहिणारा कंटाळला, वाजवणाऱ्याला समजेल असं धरून चालला. पण रिपिटेशनला हार्मनी बदलली असेल किंवा डाव्या हातात लांब सूर आला असेल तर टिंब नसणं हीच खूण असू शकते. इथे नियम नाही, डोकं लावावं लागतं.

शोपाँमध्ये प्रत्येक पुस्तकात वेगळं का दिसतं?

कारण त्याचे पीसेस बऱ्याचदा फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड असे तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी छापले जायचे, वेगवेगळ्या कॉपीवरून, आणि मध्येच तो काहीतरी बदलायचा. त्यामुळे तीन पहिल्या आवृत्त्या आणि तिन्ही काही प्रमाणात खऱ्या. तो टिंब आणि पाचर दोन्ही वापरतो आणि तिथे फरक मनावर घ्यावा असं मला वाटतं. ओपस १० मधला दहावा एट्यूड बघा, जवळजवळ तेच पॅटर्न पण आर्टिक्युलेशन बदलत जातं, तिथे टिंबं पुसली तर अर्धा पीसच गेला.

टिंबांखाली पेडल लिहिलंय. चूक छापलंय का?

नाही. पेडल खाली असलं की सूर चालूच राहतो, पण बोट कसं पडतं त्याने आवाजाची सुरुवात बदलते, हलकी आणि टोकदार होते. तसंही पियानोच्या वरच्या साधारण दीड सप्तकाला डॅम्पर (तारेवर बसून आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे) नसतातच, तिथे तुम्ही कितीही पटकन बोट उचला, सूर स्वतःच विरतो. मग तिथल्या टिंबाचा अर्थ टच हाच असणार ना.

पावसाळ्यात स्टॅकॅटो चिकट येतो, मुलगा म्हणतो पियानोची चूक आहे.

मुलगा बरोबर असू शकतो. ठाणे-ऐरोली पट्ट्यात, खाडीकडे खिडकी असेल तर बघायलाच नको, जून ते सप्टेंबर लाकूड आणि कीजमधलं फेल्ट ओल धरतं, की वर यायला उशीर करते, डॅम्पर उशिरा बसतो, आणि सुटी नोट ओघळल्यासारखी वाटते. आधी तीच नोट हळू वाजवून बघा की स्वतःहून वर येतेय का, नाही आली तर टेक्निशियनला बोलवा, मुलाला ओरडू नका. डिजिटल पियानोवर हा त्रास कमी, पण तिथे रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) चालू राहिलेला असतो आणि सगळे मला विचारतात स्टॅकॅटो ओला का येतो, तर ते बटण बंद करा.

आणि जुन्या व्हिएनीज पियानोंचा सूर आपल्या पियानोपेक्षा लवकर विरायचा, डॅम्पर पण चटकन बंद करायचे, त्यामुळे मोझार्टची रेघ त्याच्या पियानोवर जितकी कोरडी वाजायची तितकी कोरडी आपल्या ग्रँडवर करायला गेलात तर ठोकल्यासारखं होतं.

कुठलं पुस्तक घेऊ? बजेट कमी आहे.

ज्या कंपोझरचं सगळ्यात जास्त वाजवता त्याचं एकच चांगलं अर्टेक्स्ट घ्या, बाकी आयएमएसएलपी. धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये जाऊन पानं उघडून बघा, ऑनलाइन मागवलं की आत कंस आहेत की नाहीत ते कळत नाही.

कूपरांच्या पीसमध्ये टिंबं आहेत पण आमचे सर म्हणतात स्टॅकॅटो नाही. असं कसं?

सर बरोबर आहेत. जुन्या फ्रेंच म्युझिकमध्ये सलग क्वेव्हर्स (अर्ध्या बीटच्या नोटा) लिहिलेल्या सारख्या असल्या तरी झोका देऊन, लांब-आखूड वाजवायची पद्धत होती. तो झोका नको असेल तर नोटवर टिंबं टाकायचे, म्हणजे "या सारख्याच वाजवा". नोट छोटी करायची असली की कूपरां पाचरीसारखी वेगळी खूण वापरतो, तिचं नाव आस्पिरासियों, १७१३ च्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या तक्त्यात ती दिलेली आहे.